यकृताची गोष्ट (लेखांक ७) : ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस

‘दारू घेता का?’ असं भूलतज्ज्ञांनी विचारलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं, ‘कधीतरी, लग्नाकार्यात.’ पेशंट स्ट्रेचरवर, भोवती पाच-सहा नातेवाईक आणि त्यांत एखादा जावई. खरं सांगणार कसं? गेल्या आठवड्यात जलोदराबद्दल लिहिलं, तेव्हा पोटातलं पाणी बोलून टाकतं असं म्हटलं होतं. आजच्या लेखातली गोष्ट मात्र लपलेली असते आणि ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी बाहेर येते.

चित्र नेहमीचंच आहे. उसाची ट्रॉली कलंडून मांडीचं हाड मोडलेला, पन्नाशीचा, रोज पिणारा माणूस बेलापुरातून श्रीरामपूरला नाहीतर पुढे लोणीच्या प्रवरा रुग्णालयात नेला जातो. हाडात रॉड बसतो, पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, अंगाला घाम सुटतो, नाडी १२० च्या पुढे धावते. तिसऱ्या रात्री तो सलाइन उपसून टाकतो, भिंतीवरच्या मुंग्या दाखवतो आणि मोडक्या पायानिशी ट्रॅक्टर काढायला निघतो. घरचे म्हणतात, भूल डोक्यात गेली. एखादी मावशी लिंबू उतरवायला निघते.

हा दारू अचानक तुटल्याचा परिणाम आहे. मेंदूत ‘गाबा’ हे शांतवणारं रसायन असतं आणि ग्लुटामेट हे चेतवणारं. दारू पहिल्याला बळ देते, दुसऱ्याला दाबते. वर्षानुवर्षं रोज प्यायल्यावर मेंदू या दाबाला पुरून उरण्यासाठी आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. मग दारू थांबते, दाब जातो, वाढीव उत्तेजना मात्र तशीच राहते. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत कंप आणि घाम सुरू होतो. फिट्स बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान भ्रमाची अवस्था येते, तिला डॉक्टर ‘डीटी’ म्हणतात. पूर्वी डीटीत गेलेल्यांपैकी पुष्कळजण दगावत. वेळेवर उपचार मिळाले तर आज हे प्रमाण शेकडा पाचच्या खाली आहे. भूल आणि वेदनाशामकं सुरुवातीची लक्षणं झाकतात, त्यामुळे घड्याळ उशिरा लागल्यासारखं वाटतं.

‘फक्त एक क्वार्टर घेतो’ याचा हिशेब एकदा मांडून पाहा. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलीत सुमारे ७७ मिली, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दहा ग्रॅमचं एक माप धरलं तर ही सहा मापं झाली, आणि तीही रोज. आपला हा भाग तर साखरेचा. हरिगावचा जुना बेलापूर कारखाना, १९३३ साली महादेव डहाणूकरांनी सुरू केलेलं टिळकनगर, प्रवरानगरचा सहकारी कारखाना. जिथे साखर तिथे मळी, आणि मळीतून अल्कोहोल. इथे दारू शोधायला कुणाला लांब जावं लागत नाही. म्हणून माझं मत असं, की आकडा पेशंटला विचारू नये, त्याच्या बायकोला विचारावा, आणि तोही बाकीचे खोलीबाहेर गेल्यावर. तिला तो पाठ असतो.

यकृत खराब असलं की हे प्रकरण दुहेरी अवघड होतं. अशा माणसाला ऑपरेशननंतर भ्रम होण्याचं आणखी एक कारण असू शकतं. यकृत अमोनियासारखी द्रव्यं साफ करू शकत नाही, ती मेंदूत चढतात. त्यालाही ‘बडबडतोय’ असंच म्हणतात. पण दारू तुटलेला माणूस पेटलेला असतो. त्याला झोप नसते, हात बारीक आणि जलद कापतात. अमोनिया चढलेला मंदावतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, आणि हात पुढे धरायला सांगितले तर पंजे पंखासारखे खाली झुकतात. उपचार जवळजवळ उलटे. पहिल्याला शांतवणारं औषध हवं, दुसऱ्याला तेच औषध बेशुद्धीत ढकलू शकतं. त्याला लॅक्ट्युलोज देऊन पोट साफ ठेवावं लागतं. कधी दोन्ही एकाच पलंगावर भेटतात. शिवाय जंतुसंसर्ग, कमी पडलेला प्राणवायू, उतरलेली साखर हेही तपासावंच लागतं. सगळं दारूवर ढकलणं डॉक्टरला सोपं पडतं, पेशंटला महागात.

शांतवणाऱ्या औषधांतही निवड आहे. डायझेपाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड ही जुनी, भरवशाची औषधं. पण त्यांचं विघटन यकृतातल्या ज्या प्रक्रियेने होतं तीच यकृत निबर झाल्यावर, म्हणजे सिरोसिसमध्ये, मंदावते. औषध साचत जातं आणि चौथ्या दिवशी माणूस उठेनासा होतो. लोराझेपाम आणि ऑक्झाझेपाम वेगळ्या वाटेने बाहेर पडतात, ती वाट बरीचशी शाबूत राहते. म्हणून अशा रुग्णाला ती बरी, तीही थोडी थोडी, लक्षणं मोजून. मोजायला ‘सीवा’ नावाचा दहा प्रश्नांचा, ६७ गुणांचा तक्ता आहे. १९९४ च्या एका अमेरिकी अभ्यासात ठरावीक वेळेला गोळ्या देण्याऐवजी लक्षणं दिसतील तेव्हाच दिल्या, तर उपचार ६८ तासांवरून ९ तासांवर आला. मात्र हा तक्ता बोलू शकणाऱ्यासाठी आहे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला ‘मळमळतंय का’ विचारून काय उपयोग?

थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, हे या सगळ्यात स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरलं जाणारं औषध. ग्लुकोज चालू करायच्या आधी किंवा सोबत ते शिरेतून द्यायचं असतं. ते कमी पडलं तर डोळ्यांची हालचाल अडते, तोल जातो, भ्रम होतो, आणि पुढे स्मृती कायमची जाऊ शकते.

हर्निया, पित्ताशय अशी ठरवून करायची ऑपरेशनं असतील तर वेळ हाताशी असतो. डेन्मार्कमध्ये १९९९ साली छापून आलेल्या एका छोट्या चाचणीत मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनआधी महिनाभर दारू बंद ठेवली, तेव्हा गुंतागुंत ७४ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आली. पण हे बंद करणंही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवं. आदल्या रात्रीपासून ‘आता सोडली’ म्हणणारा माणूस टेबलावरच अडचणीत येतो.

दोन गोष्टी नातेवाईकांनी अजिबात करू नयेत. वॉर्डात चोरून चपटी पाजू नये, आणि घरी गेल्यावर चहातून ‘दारू सोडवायची पावडर’ देऊ नये. तीत बहुधा डायसल्फिराम असतं. ते यकृताला बाधतं, आणि त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो. सिरोसिस असलेल्यांसाठी बॅक्लोफेन हा पर्याय २००७ च्या इटालियन चाचणीत बरा ठरला, १२ आठवड्यांनी ७१ टक्के रुग्ण दारूपासून दूर होते, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २९ टक्के. मात्र ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेल्याला जपून, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. पण तिथवर जायच्या आधी एक साधी गोष्ट करता येते, टाके काढायला ज्या दिवशी बोलावलं असेल, त्याच दिवसाची मानसोपचार विभागाची वेळ डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यायची.