ओ. हेन्रीच्या 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय'मधील उपरोधाचे स्वरूप

पदव्युत्तर वर्गात कथा हा वाङ्मयप्रकार शिकविताना 'कलाटणी' या तंत्राचे उदाहरण म्हणून ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' ही कथा हमखास सांगितली जाते. दोन-तीन वाक्यांत ती सांगून होते. नाताळच्या आदल्या दिवशी पत्नी आपले लांबसडक केस विकून पतीच्या घड्याळासाठी साखळी घेते; पतीने मात्र तिच्या केसांसाठी कंगवे घ्यावेत म्हणून ते घड्याळच विकलेले असते. वर्ग हसतो, थोडा हळहळतो, आणि आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. प्रस्तुत लेखिकेनेही कित्येक वर्षे हेच केले. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, केस तर पुन्हा वाढतील. घड्याळ कुठून येणार?" त्या तासाला या प्रश्नाचे नीट उत्तर देता आले नाही. दोघांचाही त्याग सारखाच, हे जे आपण गृहीत धरून चालतो, त्यालाच या प्रश्नाने धक्का दिला होता.

या कथेकडे थोडे वरवर पाहण्यामागे आपल्याकडील समीक्षेचा एक संस्कारही आहे. १९४५ नंतरच्या नवकथेने घटनाप्रधान, तंत्रनिष्ठ कथेविरुद्ध जी भूमिका घेतली ती आवश्यकच होती; परंतु त्या भूमिकेच्या छायेत शिकलेल्या आमच्यासारख्यांच्या मनात ओ. हेन्री म्हणजे शेवटी टाळी घेणारा कारागीर, अशी एक खूणगाठ बसून गेली. अमेरिकेतही फारसे वेगळे घडले नाही. क्लिअन्थ ब्रूक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांनी १९४३ मध्ये 'अंडरस्टँडिंग फिक्शन' या ग्रंथात त्याची 'द फर्निश्ड रूम' ही कथा घेतली ती तिच्यातील उणिवा दाखविण्यासाठी. एखाद्या लेखकाच्या सर्वच कथांना एका तंत्राच्या नावाखाली बसविले की त्यांतील चांगली कथाही वाचावयाची राहून जाते, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

ओ. हेन्री हे विल्यम सिडनी पोर्टर (१८६२-१९१०) याचे टोपणनाव. ऑस्टिन येथील बँकेतील नोकरीच्या काळातील पैशांच्या अफरातफरीचा आरोप त्याच्यावर आला. तो होंडुरास देशात पळून गेला. पत्नी अ‍ॅथोल अत्यवस्थ असल्याचे कळताच परतला. १८९७ मध्ये क्षयाने तिचा मृत्यू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला शिक्षा झाली. १९०१ मध्ये ओहायोच्या तुरुंगातून सुटून तो १९०२ मध्ये न्यूयॉर्कला आला. प्रस्तुत कथा १० डिसेंबर १९०५ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवारच्या अंकात प्रथम छापली गेली आणि १९०६ मध्ये 'द फोर मिलियन' या संग्रहात आली. न्यूयॉर्कमध्ये दखल घेण्याजोगी माणसे अवघी चारशेच आहेत, या तेथील प्रतिष्ठितांच्या समजुतीला त्या संग्रहाच्या नावानेच उत्तर दिले आहे: लेखकाला दखल घ्यावयाची आहे ती चाळीस लाखांची. डेला आणि जिम हे त्या चाळीस लाखांतले दोघे.

म्हणूनच कथेचा प्रारंभ भावनेने होत नाही, हिशेबाने होतो. एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट. त्यांतले साठ सेंट सुट्या पेनींच्या रूपात, वाणी आणि खाटीक यांच्याशी घासाघीस करून, घासाघीस करताना लाजेने लाल होत, वाचविलेले. (हिशेबी वाचकांनी येथे एक गंमत हेरली आहे. साठ पेनी वजा केल्या तर एक डॉलर सत्तावीस सेंट उरतात, आणि ही रक्कम आणखी दोन पेनींखेरीज नेहमीच्या नाण्यांत बसत नाही. १८७३ पर्यंत पाडली जाणारी दोन सेंटांची जुनी नाणी डेलाजवळ होती असे मानले तर लेखकाची सुटका होते!) घराचे भाडे आठवड्याला आठ डॉलर. जिमचा पगार पूर्वी आठवड्याला तीस डॉलर होता, तो आता वीसवर आला आहे; म्हणजे मिळकतीचे दोन पंचमांश भाड्यातच जातात. जिम बावीस वर्षांचा आहे, त्याला नव्या ओव्हरकोटाची गरज आहे आणि हातमोजे तर नाहीतच. डेलाच्या केसांचे वीस डॉलर येतात. जिमच्या एका आठवड्याच्या पगाराइतकीच ही किंमत आहे. कथा मात्र हे बोलून दाखवीत नाही. साखळीला एकवीस डॉलर पडतात आणि डेला सत्त्याऐंशी सेंट घेऊन घरी परतते. पहिल्या ओळीतला आकडा असा एका डॉलरने कमी होऊन पुन्हा समोर येतो. यापुढे कथेत डेलाचा हिशेब नाही.

हे दारिद्र्य निवेदक ज्या स्वरात सांगतो तो स्वर विशेष लक्षात घ्यावयास हवा. पत्र कधी पडणार नाही अशी टपालपेटी, कोणाच्याही बोटाला दाद न देणारी विजेची घंटा, आणि तिच्याखाली 'मि. जेम्स डिलिंगहॅम यंग' अशी भारदस्त पाटी. पगार घटल्यावर मधले नावही जणू काटकसर करून एका आद्याक्षरापुरते उरू पाहते आहे. दोघांच्या दोन ठेवींची थोरवी सांगताना निवेदक शेबाची राणी आणि राजा सॉलोमन यांना त्याच इमारतीत बिऱ्हाडाला आणतो. सॉलोमनला तर चक्क तेथला रखवालदार करतो. थोरांना लहानाच्या दारी उभे करण्याच्या या पद्धतीत थट्टा आहे. पण ती गरिबांची नाही. रशियन रूपवादी समीक्षक बोरिस आयखेनबाउम यांनी १९२५ मध्ये ओ. हेन्रीवर लिहिताना त्याच्या कथेतील विडंबनवृत्तीकडे लक्ष वेधले होते: हा लेखक कथेच्या रूढ संकेतांशीच खेळत असतो. या खेळकरपणामुळेच येथील कारुण्य गळेपडू होत नाही. वाचक रडवेला होऊ लागला की निवेदक खाकरतो.

'आयरनी'साठी मराठीत आपण 'उपरोध' हा शब्द वापरतो, आणि तेथे थोडी अडचण होते. उपरोध म्हटले की बोलण्यातला टोमणा डोळ्यांपुढे येतो. निवेदकाच्या स्वराला तो शब्द चालतो. प्रसंगात जो उलटा न्याय घडतो त्याला 'दैवदुर्विलास' म्हणावे तर येथे दैवाने काहीच केलेले नाही. डेला आणि जिम यांनी जे केले ते बुद्धिपुरस्सर, स्वतःच्या हातांनी केले आहे. या संदर्भात आपल्या काव्यशास्त्रातील दोन अलंकारांची नावे सुचतात. क्रियेचे अपेक्षित फळ तर मिळत नाहीच, उलट अनिष्ट पदरी पडते, तेव्हा 'विषम'. दोन वस्तू परस्परांस तीच क्रिया करतात तेव्हा 'अन्योन्य'. या कथेची रचना अन्योन्याची आहे आणि परिणाम विषमाचा. अर्थात अलंकार वाक्यात वा श्लोकात असतो, कथा काळात उलगडते. तेव्हा ही संज्ञा कथेला जशीच्या तशी लावता येणार नाही. पण दोघांची कृती समान आणि फळ मात्र असमान, ही जी गाठ आहे ती या दोन नावांमुळे अधिक स्पष्ट दिसते.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. फळ असमान आहे, हे कथेतच आहे. आपले केस फार लवकर वाढतात, असे डेला जिमला दोनदा सांगते. म्हणजे जिमने आणलेले कासवाच्या कवचाचे, कडांना खडे जडविलेले, ब्रॉडवेवरच्या दुकानाच्या काचेतून तिने कितीदा पाहिलेले कंगवे आज ना उद्या तिच्या केसांत बसतील. घड्याळ मात्र जिमच्या आजोबांचे, त्यांच्याकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून त्याच्याकडे आलेले. ते वाढत नाही. प्लॅटिनमच्या साखळीला (आपल्याकडे जुन्या पिढीत हिला अछोडा म्हणत) आता कधीच घड्याळ मिळणार नाही. जिमने अधिक दिले आणि त्याला मिळालेली भेट कायमची निरुपयोगी ठरली. असे असूनही कथेची जवळजवळ सर्व पाने डेलाची आहेत. तिचे रडणे, आरशासमोर थबकणे, मादाम सोफ्रोनीच्या दुकानाचा जिना चढणे, दोन तास दुकाने पालथी घालणे, सारे आपण पाहतो. जिमने घड्याळ कोठे विकले, विकताना त्याचा हात थांबला का, यातले काहीच कथेत नाही. त्याचा त्याग एका वाक्यात उरकतो, आणि ते वाक्यही तो स्वतःच बोलतो.

या मौनामुळेच कथा दुसऱ्यांदा वाचावी लागते. प्रथम वाचनात जिम दारात खिळून उभा राहतो तेव्हा आपण डेलाच्या भीतीने पाहतो: केस कापलेली ती त्याला आवडेल का? त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, आश्चर्य नाही, नापसंती नाही, मग आहे तरी काय, हे तिला कळत नाही आणि आपल्यालाही नाही. केस कापले, असे तो पुन्हा पुन्हा विचारतो, जणू बुद्धीच चालेनाशी झाली आहे. दुसऱ्या वाचनात आपल्याला त्याच्या ओव्हरकोटाच्या खिशातील पुडके ठाऊक असते. आता तोच प्रसंग अगदी निराळा होतो. आपण काय विकले आणि कशासाठी विकले हे त्या खोलीत त्या क्षणी फक्त जिमला माहीत आहे. नाट्यगत उपरोध म्हणतात तो येथे आहे. शेवटच्या कलाटणीत त्याचा केवळ उलगडा होतो. मात्र जिमचे ज्ञानही अर्धेच आहे. डेलाने केस का विकले हे त्याला कळले आहे. त्या पैशांतून काय आले हे अजून दिसलेले नाही.

ते दिसते ती घटना अवघ्या तीन-चार वाक्यांची आहे. डेला तळहातावर साखळी धरून घड्याळ मागते. जिम ते देऊ शकत नाही. तो कोचावर अंग टाकतो, दोन्ही हात डोक्यामागे घेतो आणि हसतो. ज्याचे अधिक गेले तो हसतो. हे हसू कडवट असते तर ही कथा केवळ उपरोधाची झाली असती. ते उदात्त असते तर त्यागाची. ते दोन्ही नाही, आणि त्याची छटा सांगण्याचे काम निवेदकाने, एरवी इतका बोलका असूनही, केलेले नाही. भेटी काही दिवस ठेवून देऊ, सध्या वापरण्याच्या मानाने त्या फारच चांगल्या आहेत, अशा अर्थाचे तो बोलतो, घड्याळ विकल्याचे सांगतो, आणि मग डेलाला चॉप्स तव्यावर टाकावयास सांगतो.

येथे एक साधी व्यावहारिक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. कापलेले केस परत येणार नव्हते. पण साखळी आणि कंगवे यांचे काय? दोन्ही वस्तू नव्या, नुकत्याच दुकानातून आणलेल्या. त्या परत करण्याचा विचार वाणी-खाटकाशी पेनीपेनीसाठी झगडणाऱ्या या घरात कोणाच्याही मनात येत नाही. आणि निवेदकाला मात्र तो विचार सुचलेला आहे! शेवटच्या परिच्छेदात मॅजाय, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातले, मराठी बायबलात 'मागी' म्हटलेले पूर्वेकडील ज्ञानी पुरुष येतात, तेव्हा तो म्हणतो की ते शहाणे असल्याने त्यांच्या भेटीही शहाणपणाच्याच असणार. एकच वस्तू दोनदा आली तर बदलून घेण्याची सोयही कदाचित त्यांत असावी. सोने, ऊद आणि गंधरस यांना दुकानदारीची ही पुस्ती जोडणे वात्रटपणाचे वाटेल. परंतु बदलून घेण्याची शक्यता निवेदक बोलून दाखवितो ती ज्ञानी पुरुषांच्या संदर्भात. जिम आणि डेला यांच्या संदर्भात नाही. जे बदलून घेता आले असते ते त्यांनी ठेवून घेतले. या ठेवून घेण्यामुळे साखळी व कंगवे उपयोगाच्या वस्तू राहत नाहीत, निव्वळ भेटी होतात. निवेदक या दोघांना आधी मूर्ख पोरे म्हणतो आणि लगेच सर्वांत शहाणे ठरवितो, त्यामागील युक्तिवाद मला येथे सापडतो. तो परिच्छेद उपदेशपर आहे, तो नसता तर कथा अधिक बांधेसूद झाली असती, असा आक्षेप घेता येईल. मलाही तो काही वर्षे पटत होता.

चरित्राचा आधार येथे जपूनच घ्यावा. सी. अल्फॉन्सो स्मिथ यांनी १९१६ मध्ये लिहिलेल्या चरित्रात एक हकीकत येते: पोर्टर होंडुरासमध्ये असताना आजारी अ‍ॅथोलने लेसचा एक हातरुमाल स्वतः विणून पंचवीस डॉलरना विकला आणि त्या पैशांतून नवऱ्याला नाताळची पेटी पाठविली. डेलाचे मूळ येथे आहे असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हटल्याने कथा उलगडत नाही. मात्र लेखकाच्या वाट्याला जिमसारखी संध्याकाळ आली नव्हती, हे लक्षात ठेवून कथेचा शेवटचा संवाद वाचावा. सात वाजता कॉफी तयार झालेली आहे, चुलीच्या मागच्या बाजूला तवा तापलेला आहे, आणि जिम जेवण मागतो.