संघर्षकाळातील प्रत्यावर्तन : निर्वासितांचा निर्णय आणि मार्गदर्शनाची जबाबदारी
(तमिळनाडूतील श्रीलंकन तमिळ निर्वासितांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

युद्धामुळे देश सोडावा लागलेला मनुष्य युद्ध पूर्ण संपेपर्यंत थांबतोच असे नाही. मागे राहिलेले वृद्ध आईवडील, पडीक पडलेली जमीन, मुलांचे खंडित झालेले शिक्षण आणि शिबिरातील परावलंबी जीवनाचा उबग अशा कारणांनी तो संघर्ष चालू असतानाच परतीचा विचार करू लागतो. दुसरीकडे, आश्रय देणाऱ्या समाजाची सहनशीलता कमी होत जाते आणि 'आता परत जा' हा सूर उघड किंवा आडून ऐकू येऊ लागतो. परतीची इच्छा आणि परतीचा दबाव या दोहोंमधील सीमारेषा अशा वेळी पुसट होते. प्रस्तुत लेखात या सीमारेषेचा विचार करावयाचा असून, परतीचा विचार करणाऱ्या निर्वासिताला द्यावयाच्या मार्गदर्शनाचे व साहाय्याचे स्वरूप काय असावे, हे १९९२ ते १९९५ या काळात तमिळनाडूतून श्रीलंकेत झालेल्या प्रत्यावर्तनाच्या आधारे स्पष्ट केले आहे.

स्वेच्छेचा अर्थ

निर्वासितांच्या दर्जाविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील कलम ३३ नुसार, ज्या ठिकाणी निर्वासिताच्या जीविताला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे त्याला परत धाडता येत नाही. सक्तीने परत न पाठविण्याचे हे तत्त्व निर्वासित-संरक्षणाचा पाया मानले जाते. निर्वासित स्वतःहून जाऊ इच्छितो तेव्हा काय करावे, याचा निर्देश अन्यत्र सापडतो. १९५० च्या कार्यसंहितेनुसार संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयावर (यापुढे 'उच्चायुक्तालय') स्वेच्छेने होणाऱ्या प्रत्यावर्तनास साहाय्य करण्याची जबाबदारी आहे. उच्चायुक्तालयाच्या कार्यकारी समितीने १९८० मध्ये केलेल्या अठराव्या व १९८५ मध्ये केलेल्या चाळिसाव्या ठरावाने त्याची सूत्रे निश्चित केली. परतणे मुक्तपणे व्यक्त केलेल्या इच्छेनुसार असावे, ते सुरक्षित व सन्मानपूर्वक व्हावे आणि निर्णयापूर्वी मूळ देशातील परिस्थितीची माहिती मिळावी, ही ती सूत्रे होत. निर्वासिताने स्वतः जाऊन परिस्थिती पाहून यावे आणि अशा पाहणी-भेटीमुळे त्याचा निर्वासित हा दर्जा आपोआप संपुष्टात येऊ नये, असेही १९८० च्या ठरावात म्हटले आहे.

उच्चायुक्तालयाच्या १९९६ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत केलेला एक भेद आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. परतीला 'प्रोत्साहन' देणे वेगळे आणि परतीस 'साहाय्य' करणे वेगळे. मूळ देशातील परिस्थिती बहुसंख्य निर्वासितांसाठी वस्तुनिष्ठपणे सुरक्षित झालेली असेल तरच प्रोत्साहन देता येते. परिस्थिती तशी नसतानाही काही निर्वासित जाण्याचा ठाम आग्रह धरीत असतील, तर त्यांना साहाय्य करता येते. मात्र ते साहाय्य म्हणजे परिस्थिती सुरक्षित असल्याची ग्वाही नव्हे. संघर्षकाळातील प्रत्यावर्तन बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडते. व्यवहारात त्याला पहिल्या प्रकाराचे रूप दिले जाते, तेथेच गल्लत होते.

श्रीलंकन तमिळांचे स्थलांतर

जुलै १९८३ मधील तमिळविरोधी हिंसाचारानंतर श्रीलंकेतून तमिळ निर्वासितांचे लोंढे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर येऊ लागले. तलैमन्नार ते रामेश्वरम हे अंतर थोडेच असल्याने मासेमारीच्या होड्याच त्यांचे साधन ठरल्या. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर सुमारे २५ हजार निर्वासितांना परत पाठविण्यात आले. परंतु मार्च १९९० मध्ये भारतीय शांतिसेना परतली, जूनमध्ये युद्धाचे दुसरे पर्व सुरू झाले आणि लाखाहून अधिक लोक पुन्हा समुद्र ओलांडून आले. त्यांत नुकतेच परत गेलेले लोकही होते. शांतता स्थिर होण्यापूर्वी झालेले प्रत्यावर्तन दुसऱ्या विस्थापनाचे कारण ठरू शकते, हा या अनुभवाचा पहिला धडा होय.

भारताने १९५१ च्या करारावर किंवा १९६७ च्या पूरक मसुद्यावर स्वाक्षरी केलेली नाही. त्या काळी निर्वासितांना १९४६ चा विदेशी व्यक्तींविषयीचा कायदाच लागू होता. त्यामुळे त्यांचे संरक्षण कायद्याने बांधलेल्या हक्कांपेक्षा शासनाच्या सद्भावनेवर अधिक अवलंबून राहिले. मे १९९१ मध्ये राजीव गांधी यांची श्रीपेरुंबुदूर येथे हत्या झाल्यावर ही सद्भावना झपाट्याने ओसरली.

१९९२ ते १९९५ : स्वाक्षरी आणि संमती

जानेवारी १९९२ मध्ये प्रत्यावर्तन पुन्हा सुरू झाले आणि मार्च १९९५ पर्यंत सुमारे ५४ हजार निर्वासित श्रीलंकेत परतले. या सर्व काळात तेथील युद्ध चालूच होते. जाफना द्वीपकल्पाचा बहुतांश भाग १९९५ च्या अखेरीपर्यंत लिट्टेच्या ताब्यात होता.

शासकीय नोंदीनुसार हे सर्व प्रत्यावर्तन ऐच्छिक होते, कारण प्रत्येक कुटुंबाकडून संमतिपत्र भरून घेतले जात होते. परंतु ज्या परिस्थितीत संमती दिली गेली ती पाहिल्यास चित्र बदलते. निर्वासित विद्यार्थ्यांच्या प्रवेशांवर बंधने आली होती. शिबिरांत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांवर निर्बंध घातले गेले होते. सुरुवातीची संमतिपत्रे इंग्रजीत होती आणि स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी अनेकांना ती वाचता येत नव्हती. दबाव टाकला जात असल्याच्या तक्रारी वाढल्यावर भारत सरकारने १९९२ च्या मध्यास उच्चायुक्तालयाला मद्रास येथे राहून निर्वासितांच्या स्वेच्छेची खातरजमा करण्याची मुभा दिली. तथापि त्याच्या प्रतिनिधींना शिबिरांत मुक्त प्रवेश नव्हता. निघण्याच्या तयारीत असलेल्यांच्याच मुलाखती घेता येत होत्या. भांडीकुंडी विकून, शिबिरातील जागा सोडून आलेल्या कुटुंबाला अखेरच्या टप्प्यावर 'आपण स्वेच्छेने जात आहात ना?' असे विचारले असता ते कोणते उत्तर देणार?

हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढेही आला. पी. नेडुमारन व इतर विरुद्ध भारत सरकार या १९९२ च्या प्रकरणात न्यायालयाने, उच्चायुक्तालयासारखी जागतिक संस्था स्वेच्छेची शहानिशा करीत असताना संमती खरी की खोटी हे आपण तपासण्याचे कारण नाही, अशी भूमिका घेतली. परिणामी संमतीची सारी जबाबदारी ज्या संस्थेवर पडली, तिला ती पार पाडण्याइतका वाव मात्र नव्हता.

परतलेल्यांपैकी अनेकांना आपल्या गावी जाता आले नाही. मन्नार, वावुनिया व त्रिंकोमाली परिसरातील शिबिरांतच त्यांचा मुक्काम लांबला. मन्नार जिल्ह्यात मडू आणि पेसालै येथे उच्चायुक्तालयाने खुली साहाय्य केंद्रे चालविली होती. त्यांमुळे अनेकांना पुन्हा समुद्र न ओलांडता आसरा मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु संघर्षभूमीतील आश्रयस्थान सुरक्षिततेची हमी देऊ शकत नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये मडूच्या देवस्थान परिसरात तोफगोळे पडून आश्रयास आलेले अनेक लोक मृत्युमुखी पडले.

मार्गदर्शनाचे स्वरूप

वरील अनुभवावरून मार्गदर्शनाची कसोटी मांडता येते. निर्वासिताला जा किंवा राहा असे सांगणे हे मार्गदर्शकाचे काम नाही. दोन्ही पर्याय खऱ्या अर्थाने खुले आहेत की नाहीत हे पाहणे आणि ते खुले राहावेत यासाठी झटणे हे त्याचे काम आहे. राहण्याचा पर्याय बंद करून घेतलेल्या निर्णयाला स्वेच्छा म्हणता येत नाही. या दृष्टीने पुढील बाबी आवश्यक ठरतात.

(१) स्थळनिहाय माहिती : देशात परिस्थिती निवळली आहे, हे विधान कुटुंबाच्या उपयोगाचे नाही. आपल्या गावावर आज कोणाचे नियंत्रण आहे, वाटेत तपासणी-नाकी किती, शेतात भूसुरुंग आहेत काय, शाळा व दवाखाना चालू आहे काय, ही माहिती त्याला हवी असते. उत्तर श्रीलंकेत भूसुरुंगांचा प्रश्न युद्ध संपल्यानंतरही अनेक वर्षे राहिला. माहिती कोणत्या दिवसाची आहे व कोणाकडून मिळाली, हेही सांगितले पाहिजे.

(२) घर व जमीन : जाफना द्वीपकल्पात पळाली आणि वलिकामम उत्तर परिसरातील मोठे क्षेत्र लष्कराच्या अतिसुरक्षा विभागात गेल्याने तेथील कुटुंबांना युद्धानंतरही दीर्घकाळ आपल्या घरी जाता आले नाही. परतणे म्हणजे देशात पोहोचणे की घरी पोहोचणे, हा भेद आधीच समजावून दिला पाहिजे.

(३) कागदपत्रे : शिबिरात जन्मलेल्या मुलांचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. १ जुलै १९८७ पासून केवळ भारतात जन्म झाल्याने भारतीय नागरिकत्व मिळत नाही. श्रीलंकेचे नागरिकत्व मिळण्यासाठी परदेशातील जन्माची नोंद त्या देशाच्या दूतावासामार्फत करावी लागते. ही नोंद नसलेले मूल दोन्ही देशांच्या दप्तरी परकेच राहते. शिवाय होडीने, परवानगीविना देश सोडणे हा श्रीलंकेच्या कायद्यानुसार गुन्हा असल्याने, परतल्यावर चौकशी वा अटक होणार नाही याचे स्पष्ट आश्वासन आधी मिळविणे इष्ट होय.

(४) व्यक्तिगत संमती : संमतिपत्र निर्वासिताच्या भाषेत असावे आणि ते वाचून दाखविले जावे. कुटुंबप्रमुखाची स्वाक्षरी सर्वांची संमती ठरू शकत नाही. स्त्रियांशी स्वतंत्रपणे व शक्यतो स्त्री-मुलाखतकारानेच बोलावे, कारण विधवा व एकट्या स्त्रियांपुढील धोके वेगळे असतात. निर्णय बदलण्याची मुभा प्रस्थानाच्या क्षणापर्यंत असावी आणि तो बदलल्यास शिधा व निवारा पूर्ववत मिळावा.

(५) पाहणी-भेट : कुटुंबातील एखाद्याने आधी जाऊन पाहून येणे हा माहितीचा सर्वांत विश्वसनीय मार्ग होय. परंतु परत येण्याची हमी नसेल तर अशी भेट म्हणजे एकतर्फी प्रवासच ठरतो.

(६) शिक्षण : शैक्षणिक वर्षाच्या मध्यास निघालेल्या विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला व समकक्षता प्रमाणपत्र हाती असल्याशिवाय त्याला पुढे प्रवेश मिळणे कठीण होते. निर्वासित विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयातील अध्यापकांनी हे दाखले वेळेवर मिळवून देणे, हेही साहाय्यच आहे.

निर्वासितांचीच संघटना

मार्गदर्शन कोणी करावे, हाही प्रश्न आहे. आश्रय देणाऱ्या शासनाला निर्वासित जावेत असे वाटू शकते आणि मूळ देशाच्या शासनाला शांततेचा पुरावा म्हणून ते परत हवे असू शकतात. म्हणून निर्वासितांनी स्वतः उभारलेल्या संघटनांचे मोल मोठे ठरते. एस. सी. चंद्रहासन यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये स्थापन झालेली ईळम निर्वासित पुनर्वसन संघटना हे त्याचे उदाहरण होय. शिक्षण, आरोग्य व समुपदेशनाबरोबरच जन्मनोंदणीचे काम तिने केले. शिबिरातील वर्षे ही केवळ प्रतीक्षेची न राहता परतीच्या तयारीची व्हावीत, ही तिची दृष्टी होती. परतीची तयारी करणे आणि परतीची घाई करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या कामातून स्पष्ट होते.

समारोप

फेब्रुवारी २००२ च्या युद्धविरामानंतर काही निर्वासित पुन्हा श्रीलंकेत परतले. २००६ मध्ये युद्ध भडकताच पुन्हा हजारो लोक रामेश्वरमच्या किनाऱ्यावर उतरले. मे २००९ मध्ये युद्ध संपले. तरीही २०२१ मध्ये तमिळनाडूतील शंभराहून अधिक शिबिरांत सुमारे ५८ हजार व शिबिरांबाहेर सुमारे ३४ हजार श्रीलंकन तमिळ राहत होते. युद्ध थांबणे आणि परतण्याजोगी परिस्थिती निर्माण होणे यांत किती अंतर असते, हे या आकड्यांवरून दिसते. शिवाय तिकडे कधीही न राहिलेल्या पिढीसाठी 'परतणे' हा शब्दच अपुरा आहे.

एकंदरीत, संघर्षकाळात परतू इच्छिणाऱ्या निर्वासिताला अडविणे योग्य नाही. तो आपल्या जीवनाविषयी निर्णय घेत असतो आणि तो निर्णय त्याचाच आहे. परंतु निर्णय त्याचा असेल तर माहितीही त्याच्या हाती हवी, मागे फिरण्याची वाटही त्याला मोकळी हवी आणि येथे राहिल्यास त्याचा शिधा, निवारा व मुलांची शाळा चालू राहील ही खात्रीही हवी. एवढे नसेल, तर संमतिपत्रावरील स्वाक्षरीने यंत्रणेची जबाबदारी कागदोपत्री संपते. निर्वासिताचा धोका मात्र तसाच राहतो.