पानाचा वेश आणि किड्याचं कूळ

मॉन्ट्रियलच्या इन्सेक्टेरियममध्ये २०१८ साली पापुआ न्यू गिनीतल्या पानकिड्याची अंडी आली. त्यांच्यावर नाव होतं फायलियम असेकिएन्से. ही जात २००२ साली शास्त्रात नोंदली गेली होती, पण फक्त मादीवरून. तिचा नर कुणाच्याच पाहण्यात नव्हता. अंडी फुटली, पिल्लं वाढली, आणि नर पिल्लांनी शेवटची कात टाकली तेव्हा समोर आलेला जीव मादीशी अजिबात जुळेना. मादी रुंद, जड, उडू न शकणारी. हा मात्र सडपातळ, लांब पंखांचा, जवळजवळ काडीसारखा. तरीही तो अगदीच अनोळखी नव्हता. असे नर नॅनोफायलियम या नावाने १९०६ पासून ग्रंथांत होते, आणि त्या प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या त्या गटाची, मादी कधी सापडलीच नव्हती.

म्हणजे शंभराहून जास्त वर्षं एकाच घराण्यातल्या माद्या एका प्रजातीत आणि नर दुसऱ्या प्रजातीत नांदत होते. रॉयस कमिंग, स्टेफान ल तिरां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली हे प्रसिद्ध केलं आणि न्यू गिनीकडच्या माद्यांचा तो अख्खा गट फायलियममधून काढून नॅनोफायलियममध्ये नेला. अंडी उबवून, पिल्लांना पाला घालून, वाट पाहून लागलेला हा शोध आहे. पानकिड्यांच्या वर्गीकरणाचा अलीकडचा सगळा इतिहास या एका घटनेत दिसतो.

पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना काडीकिडा ओळखीचा असतो. पानकिडे हे त्याचेच भाऊबंद. दोघंही फॅस्मॅटोडिआ या गणातले. या गणात जगभरात सुमारे ३,५०० जाती माहीत आहेत, त्यांपैकी शंभरएक पानकिड्यांच्या. पानकिड्यांच्या बाबतीत प्रजातीची रेघ कुठे ओढायची यावरच दीर्घकाळ घोळ चालला.

युरोपला या जीवांची वार्ता फार जुनी. मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेची रोजनिशी लिहिणारा अंतोनिओ पिगाफेट्टा १५२१ साली बोर्निओजवळच्या एका बेटावर होता. तिथे झाडाखाली पडलेली पानं चालतात असं त्याने लिहून ठेवलं. त्यातलं एक त्याने नऊ दिवस पेटीत जपलं आणि ते हवेवर जगत असावं असा तर्क केला. पुढे लिनियसने १७५८ साली पानकिड्याला नाव दिलं, पण बसवलं खंडोबाच्या किड्यांच्या, म्हणजे मॅन्टिसच्या पंगतीत. इलिगरने १७९८ साली फायलियम ही स्वतंत्र प्रजाती केली. त्यानंतर उष्ण कटिबंधातून जहाजांनी येणारा जवळजवळ प्रत्येक पानासारखा किडा याच प्रजातीत जाऊन पडला. तिचं गाठोडं झालं ते इथून.

याचा दोष त्या काळच्या अभ्यासकांना देणं अन्यायाचं होईल. जो वेश पक्ष्यांना चकवण्यासाठी घडला, तो माणसालाही चकवतो. एकाच मादीच्या पिल्लांत कुणी हिरवं, कुणी पिवळं, कुणी तपकिरी निघतं. कुणाच्या अंगावर बुरशी लागल्यासारखे डाग, कुणाची कड सुरवंटाने कुरतडल्यासारखी. एकाच जातीत पोटाचा आकार कधी चौकोनी, कधी फावड्यासारखा. डोळ्यात भरणारी बहुतेक लक्षणं ओळखीसाठी अशी कुचकामी. त्यात संग्रहालयातले नमुने वाळून तपकिरी पडलेले, शिंगा (स्पर्शिका) आणि पाय तुटलेले. माद्या झाडांच्या उंच शेंड्यांत राहतात, सहसा खाली येत नाहीत. नर रात्री दिव्यावर येतात, म्हणून जाळ्यात तेच सापडतात. जोडी एकत्र हाती लागणं हा योगच.

मग ओळखायचं कशावरून? मादीच्या पाठीवरचे दोन पुढचे पंख मिटले की मधोमध जी शीर दिसते, ती पानाच्या मधल्या शिरेसारखी. या पंखांतल्या शिरा कुठे फुटतात, किती फुटतात, कडेपर्यंत पोचतात का, हे भिंगाखाली मोजावं लागतं. मादीच्या शिंगा अगदी आखूड, डोक्याच्या लांबीला टेकतील न टेकतील इतक्या. पण त्यांच्या तिसऱ्या पेऱ्यावर बारीक दातेरी पट्टी असते आणि शिंगा एकमेकींवर घासून तिच्यातून आवाज काढता येतो. पुढचा पाय तर फारच बोलका. त्याच्या नडगीवर पानासारखी झालर असते. ती फक्त आतल्या बाजूला असेल तर किडा खऱ्या फायलियमकडचा असण्याचा संभव. आत-बाहेर दोन्हीकडे असेल तर पुल्क्रिफायलियमकडचा. पुढच्या पंखांखाली मागच्या पंखाचा उरलेला चिमुकला तुकडा आहे का, हेही पंख उचलून पाहायचं. वरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन माद्या इथे वेगळ्या निघतात.

आणि अंडी. काडीकिड्यांच्या अभ्यासात अंड्याला जे महत्त्व आहे, ते क्वचितच दुसऱ्या कुठल्या कीटकगटात असेल. पानकिड्याचं अंडं वनस्पतीच्या बीसारखं दिसतं. एका टोकाला झाकण, अंगावर कंगोरे, आणि काही जातींत त्या कंगोऱ्यांवर पिसांसारखे तंतू. मादी अंडं उंचावरून टाकून देते, ते खाली पडतं. फिलिपिन्समधल्या फायलियम फिलिपिनिकमच्या अंड्यावर जर्मनीत कील विद्यापीठातल्या थीस ब्यूशर आणि स्टॅनिस्लाव गोर्ब यांनी काम केलं. पाणी लागलं की हे तंतू पसरतात आणि अंड्यावरचा डिंक जागा होतो. अंडं पानाला किंवा सालीला चिकटतं, सुटलं तरी पुन्हा ओलं झाल्यावर पुन्हा चिकटतं. या तंतूंची ठेवण वर्गीकरणालाही उपयोगी पडते, आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाचे रंगही. पण अंडं आणि पिल्लू, दोन्ही खात्रीने मिळतात ती पाळलेल्या मादीकडूनच. पेरूच्या किंवा ओकच्या फांद्या रोज बदलत पानकिडे पाळणाऱ्या हौशी मंडळींचं ऋण या शास्त्रावर मोठं आहे, आणि ते मोकळेपणाने मानायला हवं.

बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांवरचा वाद जनुकांनी बराचसा मिटवला. गॉटिंगन विद्यापीठाच्या सारा बँक, स्वेन ब्राडलर आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली पानकिड्यांची वंशावळ मांडली. फायलियम ही एकसंध प्रजाती नाहीच, हे त्यातून स्पष्ट झालं. तिच्या पोटात उपप्रजाती म्हणून ठेवलेल्या पुल्क्रिफायलियम, कॉम्प्टाफायलियम आणि वालाफायलियम यांना स्वतंत्र प्रजातींचा दर्जा मिळाला. आजच्या पानकिड्यांचा उगम ऑस्ट्रेलिया-पॅसिफिकच्या बाजूला झाला आणि तिथून ते पश्चिमेकडे आशियात पसरले, असंही या वंशावळीने दाखवलं. त्याच वर्षी कमिंग आणि सहकाऱ्यांनी फायलियममधल्या जुन्या सेलेबिकम गटातून क्रिप्टोफायलियम ही नवी प्रजाती वेगळी काढली आणि तिच्यात तेरा नव्या जाती नोंदल्या. मागच्या पंखांची ती खूण इथेच कामी आली. न्यू कॅलेडोनियातले पानकिडे फिजीतल्या चिटोनिस्कसबरोबर एका प्रजातीत धरले जात. तेही निराळे निघाले आणि त्यांना ट्रोलिकाफायलियम हे नाव मिळालं.

जीवाश्मांची साथ इथे फार तोकडी आहे. जर्मनीतल्या मेसलच्या खाणीत सापडलेला, सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा इओफायलियम हा नर मात्र मोलाचा. २००७ साली त्याचं वर्णन झालं. पानाचा वेश तेव्हाही जवळपास आजच्यासारखाच होता.

मराठी वाचकाला सगळ्यात जवळचा भाग २०२३ सालचा. त्या वर्षी २०२१ च्या वंशावळीच्या आधारे सात नव्या जाती जाहीर झाल्या, आणि त्यांतली एक भारताच्या नैर्ऋत्य भागातली: पुल्क्रिफायलियम अनंगू. भारतातले हे पानकिडे आधी आग्नेय आशियात दूरवर पसरलेल्या एका परिचित जातीचेच समजले जात. जनुकांनी ते वेगळे ठरवले. यात केवळ नावाचा फरक नाही. मोठ्या पसाऱ्यातल्या जातीची इथली वस्ती संपली तर ती इतरत्र उरते. स्वतंत्र जात इथे संपली तर कायमची संपते. जंगल कुठलं राखायचं हे ठरवताना हा फरक वजनाचा आहे, आणि ब्राडलर यांनीही भारतीय जातीच्या रक्षणाचा मुद्दा नेमका याच कारणाने पुढे आणला.

एका जातीने आपल्याकडच्या पानकिड्यांचा हिशेब पुरा होईल असं मानणं घाईचं ठरेल. पश्चिम घाटात बेडूक, गोगलगाई, सरडे अशा कितीतरी गटांत डोंगरागणिक वेगळ्या जाती निघाल्या आहेत. पानकिड्याची मादी तर उडतही नाही. घाटात हिंडणाऱ्या हौशी छायाचित्रकारांचे फोटो इथे खरोखर कामाला येऊ शकतात. पण बहुतेक जण फोटो काढतात तो पाठीचा, सुंदर पानाचा. आणि वर सांगितल्याप्रमाणे ओळख नेमकी तिथेच अडते. पुढच्या पायाची नडगी दोन्ही कडांसह दिसेल असा एक फोटो, पायांच्या बुंध्याचा रंग कळेल असा पोटाकडून एक, शिंगांचा जवळून एक, आणि किडा कुठल्या झाडावर, किती उंचीवर होता याची नोंद. रात्री दिव्याखाली लांब शिंगांचा, पारदर्शक पंखांचा सडपातळ नर आला असेल तर त्याचेही हेच फोटो घ्यावेत.