नऊ ऑगस्टला आपण पाहुण्या

नऊ ऑगस्ट जवळ आला की पवनी तालुक्यातल्या गटांमधून आम्हाला फोन येऊ लागतात. "ताई, आदिवासी दिवसाला काय ठेवायचं? पोरींचा नाच बसवू का?"

एका वर्षी आम्हीही नाचच बसवला होता. मुलींना भाड्याचे कपडे घातले, डोक्यात पिसं खोचली, गालावर रंगाचे ठिपके काढले. गाणं सिनेमातलं होतं. टाळ्या भरपूर पडल्या. नंतर सतरंज्या गोळा करताना आमच्याच गटातल्या एक गोंड मावशी हळूच म्हणाल्या, "आमच्यात असं कोनी नेसत नाई, बाई. आमाले इचारलं असतं त सांगतलं असतं." त्या पाच वर्षं आमच्या गटात होत्या आणि आम्ही त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं. पुढच्या दोन बैठकींना त्या आल्याच नाहीत.

म्हणून आज हा दिवस कशाचा आहे ते आधी सांगतो.

१९८२ साली ९ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रसंघात मूळनिवासी लोकांच्या प्रश्नांवर नेमलेल्या गटाची पहिली बैठक झाली. त्याची आठवण म्हणून १९९४ मध्ये हा दिवस जगभर पाळायचं ठरलं. आपल्याकडे शासन १५ नोव्हेंबरला, बिरसा मुंडांच्या जयंतीला, जनजातीय गौरव दिवसही पाळतं. तो २०२१ पासून सुरू झाला. हे दोन्ही दिवस वरून आलेले आहेत. गोंड समाजाचा स्वतःचा मेळा मात्र आपल्या शेजारीच, गोंदिया जिल्ह्यात भरतो. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला यात्रा असते. दरेकसा स्टेशनला उतरून धनेगावकडून वर चढायचं. सातरंगी झेंडे, ढोल आणि जो भेटेल त्याला 'जय सेवा'. तिथल्या मोठ्या गुहेत काली कंकालीची तेहतीस मुलं कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनी त्यांना सोडवलं, अशी कथा सांगतात. यातली जंगो आम्हाला फार जवळची वाटते. टाकून दिलेल्या लेकरांना आणि बायांना पोटाशी धरणारी म्हणून तिची आठवण काढतात. बचत गटाच्या बाईला तिची ओळख वेगळी करून द्यायला नको.

अजून एक. आपण दवाखान्याला, बाजाराला, लेकीच्या कॉलेजला नागपूरला जातो. ते शहर १७०२ साली देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं वसवलं. पण आमच्या मावशींच्या आईनं बाजारात गोंडी बोलणं सोडून दिलं होतं, लोक हसतात म्हणून.

आता समेटाचं बोलू. दोन घरांत भांडण झालं की आपण समेट कसा करतो? ज्याचं चुकलं तो आधी 'चुकलं' म्हणतो, मग चहा होतो. चहा आधी पाजला आणि चुकीचं नावच काढलं नाही, तर पोटातलं पोटातच राहतं.

ऑस्ट्रेलिया देशात हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथल्या मूळनिवासी आयांची लेकरं सरकारी माणसं उचलून न्यायची आणि संस्थांत किंवा गोऱ्या घरांत वाढवायची. विसाव्या शतकात १९७० च्या आसपासपर्यंत हे चाललं. १९९७ साली त्यावरचा चौकशी अहवाल आला, दुसऱ्या वर्षापासून २६ मे हा माफीचा दिवस पाळू लागले. २८ मे २००० ला सिडनीच्या मोठ्या पुलावरून अडीच लाखांच्या आसपास लोक समेटासाठी चालले. तरी सरकारच्या तोंडून माफी यायला २००८ चा फेब्रुवारी उजाडला. तेव्हा पंतप्रधान केव्हिन रुड संसदेत उभे राहिले. तिथं आता दरवर्षी २७ मे ते ३ जून समेटाचा आठवडा असतो. कार्यक्रम सुरू होताना त्या भूमीचं मूळनिवासी वडीलधारं माणूस सगळ्यांचं स्वागत करतं. म्हणजे यजमान ते, बाकीचे पाहुणे. एवढं होऊनही २०२३ मध्ये, संसदेला सल्ला देण्यासाठी मूळनिवासींचं स्वतंत्र मंडळ असावं का, यावर मतदान झालं तेव्हा बहुतेकांनी नाही म्हटलं. पुलावर चालणं सोपं होतं, असं आम्हाला वाटतं.

लांबच्यांना नावं ठेवणं तरी कुठं कठीण आहे? आमच्या गटात कर्जाची पाळी आली की मावशींचं नाव मागे सरकायचं. "त्यांच्या घरी पितात, पैसा बुडेल." वही काढून पाहिली तर त्यांचा एकही हप्ता चुकलेला नव्हता. ज्यांचे चुकले होते, त्यांच्या घरी कोण पितं हे कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही चौघीजणी त्यांच्या घरी गेलो. नाचाचं आणि कर्जाचं, दोन्ही बोललो. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बसा, चाय मांडतो."

पुढच्या नऊ ऑगस्टला कार्यक्रम कसा करायचा ते त्यांनी आणि त्यांच्या दोन जावांनी ठरवलं. नाच होता, पण आपल्या लुगड्यात, आणि ज्यांना नाचायचं होतं त्याच नाचल्या. म्हाताऱ्या बायांनी गोंडीत गाणी म्हटली. मोहफुलं भाजून, तीळ-गूळ घालून केलेले लाडू होते. मोहाचं नाव काढलं की दारूच आठवणाऱ्या आम्ही, दोन-दोन लाडू मागून घेतले.

दुपारनंतर कागदपत्रांचं बोलणं ठेवलं, तेही त्यांच्याच सांगण्यावरून. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असलेल्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. नवरा-बायको असतील तर पट्टा दोघांच्या नावानं होतो. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा असतो आणि त्या समितीत किमान एक तृतीयांश बाया असायला हव्यात. आपल्या गावच्या समितीत कोण बाया आहेत, हे त्या दिवशी जमलेल्यांपैकी एकीलाही सांगता आलं नाही. तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन यादी पाहायचं ठरलं.

तुमच्या गटात गोंड मैत्रीण असेल तर कार्यक्रमाची बैठक तिच्या अंगणात ठेवा, तीही ती हो म्हणाली तरच. नसेल तर मुलींना पिसं खोचू नका.

मावशींना यंदा शेळ्यांसाठी वीस हजारांचं कर्ज मिळालं. चार हप्ते आले आहेत, पाचवा पुढच्या सोमवारी आहे.