प्रवाळांच्या मत्स्यालयातील फॉस्फेट

प्रवाळभित्तींभोवतालच्या समुद्रजलात फॉस्फेट अत्यल्प, लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही शतांशांइतकेच असते. मत्स्यालयात मात्र माशांना घातलेल्या प्रत्येक चिमूटभर खाद्याबरोबर ते आत येते आणि साचत राहते. ते फार वाढले म्हणजे शैवाल माजते व प्रवाळांच्या चुनखडीच्या सांगाड्याची वाढ मंदावते. यास्तव खाद्य बेताने घालावे, पाणी वरचेवर बदलावे आणि लोहाच्या ऑक्साइडच्या कणांतून ते खेळवावे. हे कण फॉस्फेट धरून ठेवतात. तथापि खडक व वाळू यांत मुरलेले फॉस्फेट पुन्हा पाण्यात उतरते. म्हणून धीर हवा. ते समूळ काढून टाकणेही घातकच होय. प्रवाळाच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरविणाऱ्या सूक्ष्म शैवालाचीच मग उपासमार होते आणि प्रवाळ पांढरे पडते.