म्हातारपणी पाय घसरू नये म्हणून... घरात आणि वृद्धाश्रमात काय पाहावे?

जोयडा : पावसाळा सुरू झाला की जोयडा तालुक्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरते. न्हाणी मागच्या अंगाला, उंबरठा उंच, त्यात रात्री वीज गेलेली. तरणाताठा माणूस घसरला तर कपडे झटकून उठतो. सत्तरी ओलांडलेली आजी घसरली तर खुब्याचे हाड मोडते आणि घराचे सगळे गणितच बदलते.

मुले कामाला गोवा, बेळगाव किंवा पुण्यात आणि गावच्या घरात दोघेच म्हातारे, हे चित्र आता नवे नाही. काही कुटुंबे आई-वडिलांना शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवतात. धोका मात्र दोन्हीकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 65 वर्षांवरील दर शंभर माणसांत 28 ते 35 जण वर्षातून एकदा तरी पडतात. वृद्धाश्रमासारख्या संस्थांत हेच प्रमाण 30 ते 50 आहे. तिथे राहणारी माणसे आधीच जास्त थकलेली असतात, हे त्याचे मोठे कारण.

माणूस पडतो कशाने?

"वय झाले, पडणारच," असे सहज म्हटले जाते. पण कारणे शोधली तर सापडतात. मांड्यांतली ताकद कमी होते, तोल जातो, मोतीबिंदूमुळे पायरी दिसत नाही. झोपेची गोळी, बीपीची गोळी किंवा साखरेचे औषध जास्त झाले तर चक्कर येते. झोपेतून एकदम उठले की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री लघवीला घाईने जाताना म्हणूनच जास्त धोका.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. खुर्चीत बसलेल्या माणसाला उठून दहा फूट चालायला, वळून परत यायला आणि बसायला सांगायचे. शेजारी एकाने उभे राहायचे. या सगळ्याला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात. मनाने कुठलीही गोळी बंद करू नये.

घरात करायची कामे

न्हाणीत आणि संडासात धरायला भिंतीत पक्का दांडा बसवावा. टॉवेल अडकवायचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही. अंगणातले शेवाळ वरचेवर घासून काढावे. उंबऱ्याच्या कडेला पांढरा किंवा पिवळा पट्टा मारला की अंधुक नजरेलाही तो दिसतो. उशाशी बॅटरी ठेवावी. झिजलेली सपाट चप्पल टाकून मागे पट्टा असलेली घ्यावी. उठताना आधी खाटेवर मिनिटभर बसायचे, पाय हलवायचे, मग उभे राहायचे.

"आता बसून राहा, पडशील," हा प्रेमाचा सल्ला उलटा पडतो. बसून राहिले की पाय आणखी कमजोर होतात. टेबल धरून टाचा उचलणे, खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, अंगणात फेऱ्या मारणे एवढे रोज केले तरी फरक पडतो.

वृद्धाश्रम निवडताना

महिन्याचे पैसे किती, हे सगळेच विचारतात. त्याबरोबर हेही विचारावे. रात्री किती माणसे ड्युटीवर असतात? बेल वाजवली तर कोण येते? पलंग बुटका आहे का, पाय जमिनीला टेकतात का? संडासाच्या वाटेवर रात्री दिवा असतो का? कोणी पडले तर त्याची नोंद होते का, घरच्यांना कळवतात का? पडू नये म्हणून माणसाला पलंगाला बांधून ठेवत असतील तर ती सुरक्षा नव्हे. बांधल्याने पडणे थांबत नाही, सुटायच्या धडपडीत इजा मात्र वाढते.

पडल्यावर काय?

लगेच ओढून उभे करू नये. खुबा दुखतोय, पाय आखूड दिसतोय किंवा बाहेरच्या बाजूला वळलाय, तर हाड मोडले असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी चालवू नये, मालीश करू नये, पाला बांधून वाट पाहू नये. 108 ला फोन करावा. खुब्याचे ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावे असे डॉक्टर सांगतात. अंथरुणात पडून राहिले की जखमा होतात, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. डोक्याला मार असेल आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर जखम दिसली नाही तरी दवाखाना गाठावा.

इथे रानातून, घाटातून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचायलाच वेळ जातो. रेंज नसलेल्या वाडीत तर गाडीवाल्याचा नंबर आणि रेंज मिळते ती जागा शेजाऱ्यांनाही माहीत हवी. ज्येष्ठांना सल्ला किंवा मदत हवी असेल तर 14567 ही एल्डरलाइन आहे.

हिशेब साधा आहे. एक दांडा, एक बॅटरी, एक चांगली चप्पल यांचा खर्च एका बाजूला, ऑपरेशन, गाडीभाडे आणि मुलाची बुडालेली मजुरी दुसऱ्या बाजूला. गणपतीला मुले घरी येतील तेव्हा एक दुपार या कामासाठी काढली तरी पुरे.