निष्ठेचं खातं कुणाच्या नावावर?

प्रो कबड्डीचा लिलाव दूरचित्रवाणीवर लागला की आमच्या रत्नागिरीत दोन पक्ष पडतात. एका पक्षाला बोलीचे आकडे मोजण्यात आनंद असतो. दुसरा पक्ष हळहळतो. काल ज्याच्या चढाईला घसा बसेपर्यंत ओरडलो, तो आज दुसऱ्याच राज्याची जर्सी घालून आपल्यावर चालून येणार! ‘पैसा दिसला की चालले,’ असा निकाल हा पक्ष देऊन टाकतो. माझ्या वयाची मंडळी बहुधा याच पक्षात सापडतात. मी मात्र तिथं फार रमत नाही. उमेदीची सारी वर्षं बँकेच्या बदल्या घेत गावोगाव बिऱ्हाड हलवलेल्या माणसाला ‘गेला तो बेइमान’ हे गणित पटणं कठीणच.

आधी आकडे पाहू. २०१४ साली ही लीग सुरू झाली, तेव्हाच्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली होती : १२ लाख ८० हजार. २०२३ साली पवन सेहरावतवरची बोली २ कोटी ६० लाखांपुढे गेली. यात आपल्याकडचा मुलगाही मागे राहिला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुम्बाकडून उतरला आणि एकाच हंगामात त्यानं चढायांचे दोनशेहून अधिक गुण घेतले. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. मुंबईचा लाडका एका लिलावात परका झाला.

पण त्याच्या नावानं बोटं मोडताना आपण एक गोष्ट विसरतो. लिलावात खेळाडू संघ निवडत नाही, संघ खेळाडू निवडतो. कुणाला राखायचं, कुणाला सोडायचं हे मालक ठरवतात. मुंबईनं राखला नाही, म्हणून तर देसाई लिलावात आला. तरी जाब विचारायचा तो त्यालाच! बदलीचा हुकूम मुख्य कार्यालयानं काढायचा आणि गावानं रुसायचं ते बिचाऱ्या कारकुनावर, अशातला हा प्रकार.

शिवाय कोकणातला खेळाडू आधीही गाव सोडतच होता. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा आपली माणसं लालबाग-परळच्या चाळींत गेली आणि जाताना कबड्डीही घेऊन गेली. तिथल्या मंडळांतून नाव काढलेली पोरं पुढे रेल्वेच्या, बँकांच्या, महिंद्रसारख्या कारखान्यांच्या संघांत गेली. वाडीचं मंडळ सोडून पोरगा अशा संघात गेला की आई शेजारीपाजारी पेढे वाटत असे. त्याला फितूर कुणी म्हटलं नाही. का? तर पोरगा नोकरीला लागला!

असे खेळाडू सहकारी मी बँकेत जवळून पाहिले. दुपारी ते सरावाला निघाले की खातेवह्या जुळवत बसलेल्या आम्हा लोकांची थोडी कुरकुर व्हायची. ते स्पर्धा जिंकून आले की कुरकुरणारेच आधी चहा मागवायचे. पण महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. गुडघा गेला, चढाई कायमची थांबली, तरी काउंटरमागची खुर्ची राहत असे. निवृत्तीपर्यंत पगार, नंतर म्हातारपणाची सोय. संघाला त्यानं दिलं आणि संघाच्या मालकानं त्याला दिलं. जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळत होत्या, म्हणून ते खातं टिकलं.

लीगच्या करारात आकडा मोठा असतो आणि मुदत छोटी. खेळाडूची कमाईची वर्षं जेमतेम दहा. देसाईच्याच वाट्याला २०२१-२२ च्या हंगामात दुखापत आली आणि मोजक्याच सामन्यांनंतर त्याचा हंगाम संपला. अशा माणसानं मिळेल त्या वर्षी मिळेल तेवढं घेतलं, तर त्याला लोभी कसं म्हणावं? पेन्शनीत बसून ते म्हणणं सोपं आहे इतकंच.

हे दुखणं एकट्या कबड्डीचंही नाही. अमेरिकेत लेब्रॉन जेम्स नावाचा बास्केटबॉलचा अव्वल खेळाडू आहे. त्याच्या जन्मगावाजवळच्या क्लीव्हलँड शहराच्या संघातून २०१० साली तो मायामीला गेला. चाहत्यांनी त्याच्या नावाच्या जर्सी रस्त्यात जाळल्या. २०१४ साली तो परतला आणि २०१६ मध्ये त्यानं क्लीव्हलँडला अजिंक्यपद मिळवून दिलं. मोठ्या खेळांतलं विजेतेपद त्या शहरानं १९६४ नंतर पाहिलंच नव्हतं. २०१८ साली तो पुन्हा गेला, लॉस एंजलिसला. पण त्या वर्षी पाहुण्या संघातून क्लीव्हलँडमध्ये खेळायला आला, तेव्हा लोकांनी टाळ्यांनी त्याचं स्वागत केलं.

क्लीव्हलँडकरांना जे आठ वर्षांनी उमगलं, ते कोकणाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. इथं निष्ठा म्हणजे उंबरठ्याला चिकटून बसणं कधीच नव्हतं. चाकरमानी वर्षभर कुठंही राबो. गणपतीला घर उघडतो का, शिमग्यात पालखीला खांदा देतो का, एवढंच गाव बघतं. खेळाडूलाही हीच फूटपट्टी लावावी. जर्सी कुठलीही असो, सुटीत तो मंडळाच्या मैदानावर उतरतो का, धाकट्या पोरांना पकडीतले दोन डाव शिकवतो का, एवढं पुरे.

आता आपली बाजूही तपासू. आपला मुलगा कबड्डीत रमला असेल तर आईवडिलांनी त्याला जरूर खेळू द्यावं, पण बारावीची परीक्षा बुडवू देऊ नये. मंडळांनी चषकांची उंची वाढवण्याआधी खेळाडूंच्या विम्याचे हप्ते भरावेत. आणि लिलावात ज्याच्यावर बोलीच लागत नाही, त्याची आठवण ठेवावी. त्याच्यावर बातमी येत नाही, हळहळणारा पक्षही त्याच्यासाठी हळहळत नाही. तो मुकाट्यानं गावी येतो आणि संध्याकाळी मातीच्या मैदानाशी उभा राहतो. त्याला संघात घेणारा, त्याच्या नोकरीसाठी चार ठिकाणी शब्द टाकणारा माणूस ज्या वाडीत असेल, तिनं दुसऱ्याच्या निष्ठेचा हिशेब खुशाल मागावा.